जाळीवरचा हात

आपला डावा हात पाच नंबरच्या डब्याच्या जाळीवर निवांत पडलेला आहे हे त्याला दिसलं, तेव्हा उजव्या हाताने तक्त्यातली अख्खी ओळ लिहून झाली होती. वेळ दहा पस्तीस, डबा पाच, उंदरीण अठरा, वजन एकतीस ग्रॅम, जाळीवर वीस मिनिटं. अक्षर नेहमीसारखंच, मोत्यासारखं. आणि हा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत आडवा, घरच्या उशीवर टाकावा तसा. त्याने तो ठेवला नव्हता. म्हणजे त्यानेच ठेवला असणार, दुसरं कोण येतंय ठेवायला, पण ठेवताना तो स्वतः हजर नव्हता. क्षणभर त्याने नुसतं बघितलं. बसमध्ये पेंगणाऱ्या शेजाऱ्याचा हात आपल्या मांडीवर यावा आणि त्याला उठवावं की नाही हे कळू नये, तसं त्याचं झालं. मग चटका बसल्यासारखा तो हात उचलला आणि डब्यात वाकून पाहिलं. डासांच्या बारा माद्या होत्या, काही जाळीला खालून चिकटलेल्या, काही भिंतीवर. सगळ्या शांत होत्या.

या बारा जणींना पंधरा दिवसांपूर्वी विषाणू कालवलेलं रक्त पाजलं होतं, आणि पाजणाराही तोच होता. आता तो विषाणू त्यांच्या लाळेत उतरला होता. मोठ्या माणसाला त्याचं फारसं काही होत नाही. तीन दिवस कणकण, अंगावर थोडी पुरळ, डोळे लाल, आणि बऱ्याच जणांना तर तेवढंही नाही. पण बाईला दिवस गेलेले असतील तर हा थेट पोटातल्या जीवाकडे वळतो. म्हणून तर या खोलीत येणाऱ्या सगळ्या उंदरिणी गाभण असत. गुंगी दिलेली उंदरीण जाळीवर पालथी ठेवायची, वीस मिनिटांनी उचलायची, खालची लाल पोटं मोजायची, तक्ता भरायचा. हे काम आपण झोपेतही करू असं तो मोठ्या ऐटीत सांगत असे, आणि आज बहुतेक तेच झालं होतं. कारण बोळाच्या पलीकडे दुसरी एक खोली होती, निरोगी डासांची. तिथे दर मंगळवारी आणि शुक्रवारी साडेदहाला तो बाही वर करून हाच हात अशाच जाळीवर ठेवत असे आणि दहा मिनिटं भिंतीकडे बघत बसे. सतरा वर्षं. रक्त मिळाल्याशिवाय मादी अंडी घालत नाही, आणि अंडी नाहीत तर पुढची पिढी नाही. गरम पिशवीतून रक्त पाजायचं यंत्र मध्ये एकदा आणून पाहिलं होतं, पण त्या बायांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. इतक्या लाडावलेल्या. म्हणून संस्थेत सगळे त्याला अन्नदाता म्हणत. आज मंगळवार होता. या प्रयोगापायी ते जेवण दुपारी ढकललं होतं आणि तशी चिठ्ठी त्याने स्वतःच्या हाताने दारावर लावली होती. पण चिठ्ठी लावणारा हात उजवा होता. डाव्याला कोणी कळवलंच नव्हतं.

त्याने लाल पोटं मोजली. सात. सात हा आकडा काहीच बोलत नव्हता. एका उंदरिणीवर सहा पितात, सात पितात, कधी आठ. सातही त्या उंदरिणीच्याच असतील. किंवा सहा तिच्या आणि एक. तो पुढे जाईना. "काय हो अन्नदाते, कुठे हरवलात?" समोरून जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं. ते पाठ करून अठरा नंबरला तिच्या पेटीत झोपवत होते, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. "इथेच आहे," तो म्हणाला, आणि तक्त्यात सात लिहिलं. पुढच्या तीन डब्यांवरच्या उंदरिणी पाच-पाच मिनिटांच्या अंतराने आधीच ठेवून झाल्या होत्या; मग सहावा डबा घेतला, मग सातवा, मग आठवा. एकही ओळ चुकली नाही, एकही उंदरीण एका मिनिटाने जास्त राहिली नाही. पाचव्या डब्यापाशी पाचावर धारण बसलेला माणूस पुढचे तीन डबे इतक्या टापटिपीने कसे करू शकला, याचं त्याला नंतर दिवसभर नवल वाटत राहिलं. नवल आणि लाजही. तोंड उघडायचं नसलं की माणूस फार नीटनेटकं काम करतो.

बाहेर पडायची रीत ठरलेली होती. पहिल्या दाराशी वरचा झगा काढून लाल पिशवीत, मग आतला लांब बाह्यांचा सदरा दुसऱ्या पिशवीत, हातमोजे, टोपी, मग साबण लावून अंघोळ, मग आपले कपडे. पिशव्या दुपारी बाराला वाफेच्या भट्टीत जात. आत जे काही असेल ते तिथे शिजून मरत असे. अंघोळीच्या फवाऱ्याखाली उभं राहून त्याने तो हात उजेडात धरला, आत फिरवला, बाहेर फिरवला. एक डाग नाही, फोड नाही, खाज नाही. गोरागोमटा, केस विरळ झालेला, सत्तावन्न वर्षांचा हात. दुसऱ्या कोणाचा असता तर आत्तापर्यंत त्याने सांगून टाकलं असतं. गांधी उठली असती किंवा उठली नसती, आणि प्रश्न मिटला असता. पण याच्या कातडीला डासांची इतकी सवय झाली होती की तिने केव्हाच बोलणं सोडलं होतं. कोणी चावलं तरी ती गप्प, कोणी नाही चावलं तरी गप्प. सतरा वर्षं ज्या गोष्टीची मिजास मिरवली ती नेमकी आज उलटली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, त्याला वाटलं, आणि त्या फवाऱ्याखाली त्याला चक्क हसू आलं. ते फार टिकलं नाही.

सुरुवातीला असं नव्हतं. पहिल्या दिवशी तो घरी गेला तेव्हा हाताची पार चाळण झाली होती, कोपरापर्यंत सूज. त्याची आई तेव्हा होती. तिने हात बघितला आणि विचारलं, "तिथे पगार देतात की रक्त काढून घेतात?" बायको काही बोलली नाही, थंड पाण्याची घडी ठेवत बसली, आणि ती बोलत नसली की तिच्या मनात काय चाललंय हे त्याला चांगलं कळे. हरखली होती ती फक्त लेक. तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. मंगळवारी आणि शुक्रवारी ती बॉलपेन घेऊन दाराशी वाट बघत बसे. हात मांडीवर घेऊन ती गांध्या मोजायची आणि मग एकीपासून दुसरीपर्यंत रेघा ओढायची. कधी होडी निघे, कधी हरिण, कधी शाळेतल्या बाईंचं नाक. "बाबा, हलू नका, शेपटी राहिलीय." त्या पेनाच्या टोकाने खाज इतकी गोड शमत असे की तो डोळे मिटून बसे. मग हळूहळू गांध्या कमी झाल्या, लहान झाल्या, आणि ती चौथीत गेली त्या वर्षी एका शुक्रवारी हात कोरा निघाला. तिने हात उलटापालटा करून पाहिला. "आज काहीच नाही आलं?" तिने असं विचारलं की जणू त्याने रस्त्यात कुठेतरी खाऊ सांडला होता. संस्थेतले तेव्हाचे साहेब म्हणाले, वा, आता तुम्ही पक्के झालात. त्यालाही तसंच वाटलं होतं. लेकीने पेन दप्तरात ठेवलं आणि ती खेळायला गेली.

हीच लेक आता दीड महिन्यापासून घरी होती. पाचवा महिना. याआधी दोनदा तिला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा दवाखान्यातून ती रिकामीच परत आली. दुसऱ्या खेपेला ती महिनाभर कोणाशी धड बोलली नव्हती, पंख्याकडे बघत पडून राहायची. यावेळी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पूर्ण विश्रांती, जिने नाहीत, वजन नाही, चिंता नाही. जावई जहाजावर, म्हणून ती इकडे. आणि तिने ही बातमी दिली होती त्याच आठवड्यात त्याने तिसऱ्या तुकडीतली पिल्लं पाहिली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी ती एका बशीत ओळीने मांडली होती, शेंगदाण्याएवढी, गुलाबी. निरोगी उंदरिणींची वरच्या ओळीत, बाकीची खालच्या. मोजपट्टी लावायची गरज नव्हती. "आकडे बघा," डॉक्टर म्हणाले होते, "तोंडं बघू नका. मी नाही बघत." त्या दिवशी घरी जाऊन त्याने लेकीला सांगितलं की फार आनंद झाला, आणि खरंच झाला होता, पण जेवताना घास फिरत राहिला. आपण नेमकं कशावर काम करतो हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. डास म्हणजे डास. तिला लहानपणापासून तेवढंच माहीत होतं आणि त्याने तेवढ्यावरच ठेवलं. घरात मात्र तो खिडक्यांना जाळ्या ठोकत सुटला, कुंड्यांखालच्या बशा फेकून दिल्या, मोरीच्या जाळीवर रात्रंदिवस पाट टाकून ठेवला. बायको म्हणाली, "तुमच्यामुळे घरात डास नाही ते ठीक, पण वाराही येईनासा झालाय."

चहाच्या खोलीत घड्याळात अकरा वीस झाले होते. तो कप समोर ठेवून बसला. मनाने आपली वकिली सुरू केली होती, आणि वकील फी न घेता फार छान बोलत होता. किती वेळ हात होता? एक ओळ लिहायला लागतो तेवढा, म्हणजे अर्धं मिनिट, फार तर एक. मादीला पोटभर प्यायला दोन-तीन मिनिटं लागतात. शिवाय झगा होता, झग्याच्या आत सदरा होता. शिवाय समोर वीस मिनिटं ऊबदार उंदरीण पसरलेली असताना कोण एवढ्या भुकेलेलं राहतंय? पण वीस मिनिटांनंतरही जी उपाशी राहते तीच खरी हावरी असते, हेही त्याला माहीत होतं. रक्त न पिता नुसती सोंड टोचून काढली तरी लाळ आत जाते हेही माहीत होतं. या धंद्यात हीच पंचाईत आहे, की स्वतःची समजूत काढायला लागणारं अज्ञान शिल्लक राहत नाही. न सांगितलं तर काय होईल? तो संध्याकाळी घरी जाईल. आठवड्याभराने त्याला कणकण येईल किंवा येणारही नाही. कुठल्यातरी जाळीच्या फटीतून एखादा डास आत येईल, त्याच्यावर बसेल, आठ-दहा दिवसांनी लेकीवर बसेल. आणि सांगितलं तर? पाच नंबरच्या डब्यातल्या बाराही जणी माराव्या लागतील. परवा त्यांना दुसऱ्या उंदरिणीवर सोडायचं होतं, ते गेलं. तीन महिन्यांच्या मेहनतीचा आठवा भाग पाण्यात. आणि सगळ्या संस्थेला कळेल की अन्नदात्याने रोगी डासांच्या जाळीवर हात टेकवून ठेवला होता, एखाद्या नवशिक्यानेही करू नये असा. नवशिक्याने केलाही नसता. त्यासाठी सतरा वर्षांची सवयच लागते.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, येताना लिंबं आणा. चांगली रसाची. मागच्या वेळची नुसती सालं होती."

"आणतो."

"आणि लवकर या. आईशी पत्ते खेळून मी कंटाळले. ती लबाडी करते."

मागून बायकोचा आवाज आला की लबाडी कोण करतं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याने सांगितलं, "आज कदाचित उशीर होईल गं. मीटिंग आहे."

"मीटिंग?" लेक हसली. "तुम्हाला कोण बोलावतं मीटिंगला? डास?"

तिचं ते हसणं कानात तसंच असताना त्याने फोन ठेवला. दवाखान्यातून परत आल्यावर ती कितीतरी महिने असं हसली नव्हती. अकरा छत्तीस. बाराला भट्टी. झगा त्या वाफेत गेला की बाहीवर काय होतं ते कोणाला कधीच कळणार नव्हतं, आणि डासाच्या पोटातलं रक्तही उद्या-परवापर्यंत पचून काळं होतं, मग ते कोणाचं हे विचारण्यात अर्थ उरत नाही. म्हणजे आणखी चोवीस मिनिटं तो नुसता गप्प बसला असता तर ही गोष्ट कायमची त्याची एकट्याची झाली असती. हे लक्षात आलं मात्र, चहा तसाच टाकून तो उठला. बोळातून चालताना तो जवळजवळ धावत होता, आणि धावताना त्याला एकच भीती होती, की दारापर्यंत पोहोचेस्तोवर आपला धीर सुटेल.

प्रयोगाच्या प्रमुख मॅडम आपल्या खोलीत खिडकीशी उभ्या राहून जेवणाचा डबा खात होत्या. वयाने त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, हुद्द्याने कितीतरी वर. त्या त्याला काका म्हणत आणि तो त्यांना मॅडम, आणि दोघांनाही त्यात काही अवघड वाटत नसे. "मॅडम, बाराची भट्टी थांबवा," तो दारातूनच म्हणाला, आणि मग उरलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांचा घास हातातच राहिला. बोलणं संपलं तेव्हा त्यांनी आधी फोन उचलून भट्टीवाल्याला थांबायला सांगितलं, डबा झाकला, हात पुसले. मग विचारलं, "किती वेळ होता हात?"

"माहीत नाही."

"अंदाजे, काका."

"मॅडम, अंदाज द्यायचा तर मी माझ्या सोयीचाच देईन."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो ओरडा खायला तयार होऊन आला होता, खांदे आधीच आवळून. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. मग डासांनाच विचारू." आणि डॉक्टरांना बोलावून त्यांनी भराभर कामं वाटली. पाच नंबरचा डबा थंडीत ठेवून बारा जणी मारायच्या, सात लाल पोटं वेगवेगळ्या नळ्यांत, प्रत्येक पोटात उंदराचं रक्त आहे की माणसाचं ते बघायचं. झग्याची आणि आतल्या सदऱ्याची डावी बाही कापून तुकडे करायचे, कापडाला लाळ लागली असेल तर विषाणू सापडेल. "पाच-साडेपाच वाजतील," त्या त्याला म्हणाल्या. "तोपर्यंत तुम्ही वरच्या खोलीत बसा. आणि काका..." त्या थांबल्या. त्याला वाटलं, आलं आता. "तुमची मुलगी कितव्या महिन्यात आहे?" त्याने पाचवा सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि टोपी चढवली.

वरची खोली म्हणजे कोणाला काही लागलं-बिगलं तर त्याला वेगळं ठेवायला राखलेली. एक पलंग, एक टेबल, बाथरूम, खाली वाहनतळ दिसणारी खिडकी. सतरा वर्षांत तो इथे फक्त दिव्याचा बल्ब बदलायला आला होता. तो पलंगाच्या कडेवर बसला, मग टेबलाशी, मग उभा राहिला. खाली एक बाई आपली गाडी दोन गाड्यांच्या मधून बाहेर काढायचा प्रयत्न करत होती आणि एक पहारेकरी हातवारे करून तिचा गोंधळ वाढवत होता. या खोलीत आपल्याला महिनाभर राहावं लागलं तर, त्याने विचार करून पाहिला. लेकीशी फोनवर बोलायचं, लिंबं कोणाबरोबर तरी पाठवायची. तिला काय सांगायचं? खरं सांगितलं तर तिने चिंता करायची नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, आणि खोटं सांगितलं तर ती ते तिथल्या तिथे ओळखणार, लहानपणापासून ओळखत आलीय. पण महिनाभर लांब राहणंसुद्धा त्याने आनंदाने केलं असतं. भीती त्याची नव्हती. भीती होती ती बशीतल्या खालच्या ओळीची. इतके दिवस ती ओळ त्याने मनाच्या कुठल्यातरी कपाटात बंद करून ठेवली होती, आणि आज कपाट उघडं पडलं होतं. त्याला एकदम अठरा नंबर आठवली. गुंगीत पालथी पडलेली, कान मागे गेलेले, पोटाची बाजू किंचित वरखाली होणारी. तिच्या पोटातही आज काहीतरी उतरलं होतं आणि ते त्यानेच तिला दिलं होतं, मोजूनमापून, वीस मिनिटं. तिला कोणी विचारलं नव्हतं. हे सगळं उद्याच्या बायकांसाठी चाललंय, कुठल्या तरी लसीसाठी, हे खरंच होतं, त्यावर त्याचा विश्वास होता आणि आजही होता. पण त्या खोलीत बसून तो मनातल्या मनात एका उंदरिणीकडे मागत होता, की बाई, ते रक्त तुझंच असू दे, सातच्या सात पोटांत तुझंच. असं मागणं त्याने आयुष्यात कोणाकडे केलं नव्हतं आणि त्याची त्याला फार लाज वाटली. तरी तो मागत राहिला.

तीनच्या सुमाराला जनावरांचे डॉक्टर चहा घेऊन आले. नियम म्हणून ते दाराबाहेरच थांबले आणि कप स्टुलावर ठेवून मागे सरकले. "तुम्ही मला त्याच वेळी का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं.

"तोंडच उघडेना."

"मी मागे वळून बघायला हवं होतं." मग म्हणाले, "इकडच्या पोरी उपाशी आहेत बरं का. मंगळवारचं जेवण चुकलं. मी आत डोकावलो तर सगळ्या जाळीला येऊन चिकटल्यात. यजमान कुठे गेले म्हणून विचारतायत."

त्याला हसू आलं नाही, पण बरं वाटलं. डॉक्टर जाताना म्हणाले, "अठरा नंबर जागी झालीय. खातेय." त्यांनी ते का सांगितलं हे दोघांनाही कळलं.

साडेपाचला मॅडम आल्या. जिन्यावरच्या पावलांवरून काही ओळखता येतं का म्हणून तो कान देऊन उभा होता, पण त्या नेहमीसारख्याच चालत होत्या. त्या आत आल्या, दाराबाहेर थांबल्या नाहीत, आणि त्याला तिथेच अर्धं कळलं. त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "सातही पोटं उंदराची आहेत. माणसाचं कशातच नाही. दोनदा लावून बघितलं." त्याने कागद जवळ ओढला. "आता बाही. झग्याच्या बाहेरच्या कापडावर एका ठिकाणी विषाणू सापडला, मनगटापासून चार बोटं वर. म्हणजे एकीने सोंड लावली होती." त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि घाईने पुढचं बोलल्या, "पण आरपार गेली नाही. आतल्या सदऱ्याच्या बाहीचे अकरा तुकडे केले, अकराही कोरे. काका, तुम्हाला काही झालेलं नाही. नियम म्हणून ताप बघत राहा, परवा रक्त देऊन जा. तोपर्यंत तसंही तुमच्यापासून कोणाला काही होऊ शकत नाही. घरी जा."

जीव भांड्यात पडतो म्हणजे काय होतं ते त्याला त्या दिवशी नीट समजलं. तो पलंगावर बसला आणि त्याने दोन्ही हातांत तोंड झाकून घेतलं आणि रडला, मॅडमसमोर, काहीही न लपवता. त्याला वाटलं होतं की अशा वेळी देव आठवेल, आई आठवेल. त्याला आठवत होती ती डब्यातली एकजण. वीस मिनिटं जिला उंदरिणीवर जागा मिळाली नाही, आणि मग जाळीवर अचानक दुसरं काही ऊबदार येऊन पडलं, आणि तिने सोंड लावली आणि वाटेत दोन कापडं. सदऱ्याचं ते दुसरं कापड गाठेपर्यंत तो हात निघून गेला होता. किती कमी पडलं होतं तिला? तो रडता रडता हसायला लागला, आणि मॅडमना आधी काही कळेना, मग त्याही हसल्या, मग त्यांनी खिडकी उघडली. दिवसभर बंद असलेल्या खोलीत हवा आली.

"मला डब्याचं वाईट वाटतं," तो नाक पुसत म्हणाला. "तीन महिने गेले तुमचे."

"सात डबे आहेत अजून. तुम्ही बाराच्या आत आलात, नंतर कळलं असतं तर मला आठही डब्यांवर विश्वास ठेवता आला नसता." त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. "त्या खोलीत तुम्हाला आता पाठवणार नाही. राग मानू नका. आणि इकडचंही हाताने जेवण बंद. यंत्र परत आणते. नाही प्यायल्या तर शिकतील, भूक लागली की शिकतात." त्याने राग मानला नाही. उलट आणखी काहीतरी खांद्यावरून उतरलं. सतरा वर्षं ही त्याची खासियत होती, पाहुण्यांना दाखवायची, नव्या लोकांना सांगायची. ती अशी एका वाक्यात गेली आणि त्याला तिची आठवणही येईल असं वाटेना. "गोड गळ्याने बोलवावं लागतं त्यांना," तो एवढंच म्हणाला. "सांगेन मी यंत्राला," मॅडम म्हणाल्या.

बसथांब्यावर गर्दी होती आणि ती त्याला आवडली. एका माणसाची पिशवी त्याच्या पोटऱ्यांवर आपटत होती, त्याने पाय बाजूला घेतला आणि त्या माणसाकडे बघून हसला, तसा तो माणूस संशयाने दुसरीकडे बघू लागला. कोपऱ्यावर त्याने लिंबं घेतली, एकेक दाबून, वास घेऊन, दुकानदार वैतागेपर्यंत. चालताना त्याने ठरवलं होतं की घरी काहीच सांगायचं नाही. झालं ते झालं, टळलं, आता कशाला तिच्या जिवाला घोर. इमारतीपर्यंत तो या निश्चयावर ठाम होता. जिन्यात मात्र एकेका पायरीला तो सुटत गेला, आणि त्याने बेल वाजवली तेव्हा हातात फक्त लिंबं उरली होती.

दार लेकीनेच उघडलं. "झाली का मीटिंग?" म्हणून ती वळली, आणि तो आत येत नाही हे पाहून परत फिरली. तो पायपुसण्यावर उभा होता. बाहेरच्या बाजूला, चपला न काढता. घरी जा असं त्याला सांगितलं होतं, कागदावर लिहून दिलं होतं, बाही कोरी होती, पोटं उंदराची होती, आणि तरी पाऊल उचलेना. "काय झालं?" तिने विचारलं. तेव्हा त्याने तिथेच उभं राहून सांगितलं. उंदरिणी गाभण का असतात ते सांगितलं. बशीतल्या दोन ओळी सांगितल्या, त्या सांगताना तिच्याकडे बघितलं नाही. हात कसा गेला ते सांगितलं, आणि चहाच्या खोलीत आपण सोळा मिनिटं गप्प बसून होतो हेही सांगितलं. ते सगळ्यात कठीण गेलं. मागे स्वयंपाकघराच्या दारात बायको येऊन उभी राहिली होती, ओले हात तसेच धरून.

लेक चौकटीला टेकली होती. तिचा एक हात पोटावर होता, दिवसभर असायचा तसा. "दीड महिना," ती म्हणाली, "दीड महिना तुम्ही रोज तिथून येऊन माझ्याशी पत्ते खेळत होतात?"

"हो."

"आणि मला वाटायचं बाबा म्हातारे झाले, म्हणून बशा फेकतायत." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज रागाचा होता. "एकट्याने कशाला वागवत बसलात हे? मला नाही, तर निदान आईला सांगायचंत." तिने नाक ओढलं. "चावला नाही ना पण?"

"नाही."

"नक्की?"

"सातही पोटं तपासली. बाहीचे अकरा तुकडे तपासले."

"मग तिथे काय उभे आहात?"

"येतो ना," तो म्हणाला, आणि तसाच उभा राहिला.

तिने हात पुढे करून आधी लिंबांची पिशवी घेतली, एक लिंबू काढून दाबून बघितलं, मग त्याच्या डाव्या मनगटाला धरलं. "बाबा, आत या," ती म्हणाली, "आणि आधी ते दार लावा. पाच मिनिटं उघडं टाकलंय, सगळे डास आत येतायत."

मागून बायको खुदकन हसली आणि मग तिला हसू आवरेना, आणि लेकही हसायला लागली, नाक पुसत, पोट धरून. तो आत आला. त्याने दार लावलं, कडी घातली, आणि चपला काढल्या.